हाताला कळलंच नाही

आज नव्या रॅकेटने टेनिसची मॅच जिंकले. ६-३, ६-४. तीन आठवडे जिची धास्ती होती तिच्याशी. तरी आल्यापासून चैन नाही.

दुसऱ्या सेटमधला तो बॅकहँड डोक्यातून जात नाही. ३-३, ३०-४०. मी वळायला उशीर केला, चेंडू रॅकेटच्या तारांच्या मध्यावर नाही, पार कडेला लागला. जुनी रॅकेट असती तर मनगटात वळली असती आणि चेंडू नेटमध्ये गेला असता. नवीने तो सरळ बेसलाइनच्या आत नेऊन टाकला. दादा ओरडला, "काय मारलास!" मी काही मारलं नव्हतं. कुठे लागला तेसुद्धा नंतर तारांवरच्या खुणेवरून कळलं.

तसा दोन्ही रॅकेटींत फरक तो किती? लांबी तीच, २७ इंच. तारा १६ उभ्या, १९ आडव्या, ग्रिप तीच. जुनीचं डोकं ९८ चौरस इंच, नवीचं १००. जुनी ३०५ ग्रॅम, नवी ३००. कागदावर बहिणी बहिणी. पण नवीची फ्रेम जाड आणि कडक, डोकं रुंद, म्हणून कडेला लागलं तरी ती फारशी फिरत नाही. चूक पोटात घालते. जुनी घालत नाही. मध्यावर लागला की गप्प, दोन बोटं बाजूला गेला की लगेच झिणझिणी. मी टेनिस शिकले ते त्या झिणझिणीवरच. आता चूक पोटात घालणारी हवी, इतकी वेळ आली का माझ्यावर? खांद्याचं आज लिहीत नाही.

शनिवारी नवीच्या टोकाला तीन ग्रॅम शिशाची पट्टी लावून पाहिली. टोकाचं वजन हाताला अंतराच्या वर्गाने जाणवतं. तेवढ्यानेच स्विंगवेट, म्हणजे फिरवताना जाणवणारा जडपणा, दहाएक एककांनी वाढतं. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधीचा फटका, अगदी जुनीसारखी, भरीव लागली. सर्व्ह मात्र तिसऱ्या गेमपासून यायला तयार नाही. काढली पट्टी.

फेडररने २०१३च्या उन्हाळ्यात ९० चौरस इंचाची बाजूला ठेवून ९८ची घेतली होती. हॅम्बुर्गला हरला, ग्स्टाडला हरला, परत ९०वर गेला. २०१४ मध्ये मोठी घेतली ती कायमची, आणि २०१७ ला मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला तो ९७च्या रॅकेटनेच, त्याच बॅकहँडवर. त्याच्याही हाताला सुरुवातीला परकं वाटलं असेल का? वाटलंच असेल. एवढी वर्षं एका डोक्याशी बोललेला हात.

म्हणजे नवी वाईट नाही. टॉपस्पिन तिच्यातून सहज निघतो, दुसरी सर्व्ह आज एकदाही चुकली नाही, आणि उद्या सकाळी हात डोक्यावर जाईल. हे मला हवंच होतं. फक्त ती मला काही सांगत नाही, आणि मला सवय आहे सांगितलं जाण्याची.

गटिंगचा, म्हणजे तारांचा, ताणही बघायला हवा. दोघींना ५२ पौंडच आहे, पण मोठ्या डोक्यात तारा लांब, त्यामुळे तेच ५२ मऊ लागतात. नवीला ५४ करून बघते.

आणि जुनी पिशवीतच राहील. सराव सुरू करताना पहिली दहा मिनिटं भिंतीवर तिच्याने. मग नवी.