४० मिलिग्रॅमची चिठ्ठी

मी कृषी सहाय्यक आहे, त्यामुळे माझा नंबर तालुक्यात बहुतेकांकडे असतो. आधी फोन यायचे ते बोंडअळीचे, नाहीतर पीक विम्याचे. आता अधूनमधून कोणीतरी बोलता बोलता आवाज खाली घेतो आणि विचारतो, "साहेब, तुमच्या भावाले त्या ट्रायलमधी टाकलं होतं म्हणे. आमच्याही पेशंटले सांगून रायले. टाकावं का?" ट्रायल म्हणजे कॅन्सरच्या औषधाची पेशंटांवर होणारी चाचणी. तिच्यात टाकावं का, याचं उत्तर फोनवर देता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

भाऊ माझ्यापेक्षा बराच लहान. घरची शेती तोच पाहतो. मानेच्या डाव्या बाजूला गाठ आली, दुखत नव्हती. संध्याकाळचा ताप, रात्री बनियन पिळून काढावं इतका घाम, वजन उतरलेलं. आपल्याकडे एवढं सांगितलं की निदान ठरलेलंच: टीबी. सुईनं गाठीतलं पाणी काढून तपासलं, रिपोर्टमध्ये ठोस काही निघालं नाही, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. ताप काही दिवस दबला, गाठ मात्र वाढतच गेली. शेवटी गाठ काढून बायोप्सी केली तेव्हा हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकागाठींचा कॅन्सर, निघाला. या आजारात गाठीमध्ये खऱ्या कॅन्सरच्या पेशी, ज्यांना रीड-स्टर्नबर्ग पेशी म्हणतात, त्या फार थोड्या असतात. बाकी सगळी त्यांच्याभोवती जमलेली साध्या पेशींची गर्दी. त्यामुळे सुईनं तपासलं तर सापडेलच असं नाही. टीबीच्या गोळ्यांनी गाठ उतरत नसेल तर बायोप्सीचा आग्रह धरा, एवढं तर मी कोणालाही फोनवरसुद्धा सांगतो.

पहिली किमो एबीव्हीडीची, म्हणजे चार औषधांची, दर पंधरा दिवसांनी, जनआरोग्य योजनेत. ती पार पडली, स्कॅन साफ आला, त्यानं कपाशी पेरली. पुढच्या हंगामाच्या आत गाठी परत. मग दुसऱ्या प्रकारची, जड किमो दिली. ती लागू पडली असती तर त्याच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून ट्रान्सप्लांट करायचं ठरलं होतं. पण गाठी बसल्या नाहीत, आणि गाठी बसल्याशिवाय ट्रान्सप्लांटला सहसा हात घालत नाहीत. तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी इम्युनोथेरपीचा विषय काढला आणि लगेच ट्रायलचाही.

माय सोबत होती. ती म्हणाली, "म्हंजे पोट्ट्यावर प्रयोग करता का, बाप्पा?"

डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. आपल्या पांढऱ्या पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. हॉजकिनच्या पेशी तो ब्रेक दाबून धरण्यात पटाईत असतात, म्हणून शरीर त्यांना हात लावत नाही. निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं ब्रेकवरचा तो दाब काढतात. औषध नवं नाही, सिद्ध झालेलं आहे. परत आलेल्या हॉजकिनमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब आणि ब्रेंटक्सिमॅब हे वेगळ्या प्रकारचं औषध समोरासमोर ठेवून ३०४ पेशंटांवर एक मोठी ट्रायल झाली होती, कीनोट-२०४. तिचा निकाल २०२१ मध्ये छापून आला: आजार पुन्हा न वाढता गेलेला काळ ब्रेंटक्सिमॅबवाल्यांचा मध्यक (निम्म्यांचा याहून कमी, निम्म्यांचा जास्त) ८.३ महिने, पेम्ब्रोलिझुमॅबवाल्यांचा १३.२. अमेरिकेत तर नव्यानं निदान झालेल्या, पसरलेल्या आजारात पहिल्या किमोसोबतच निव्होलुमॅब देऊन पाहिलं आणि किमो-ब्रेंटक्सिमॅबच्या जोडीपेक्षा ते सरस ठरलं. दोन वर्षांनी आजार न वाढलेले ९२ टक्के विरुद्ध ८३ टक्के. तो निकाल २०२४ चा.

मग आमच्या ट्रायलमध्ये तपासायचं काय होतं? डोस. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. ट्रायलमध्ये एका गटाला तेवढा, दुसऱ्याला ४०. कोणाला कोणता, ते कॉम्प्युटर चिठ्ठी टाकून ठरवणार. साखरेचं पाणी कोणालाच नाही.

मायचा पुढचा प्रश्न मला अजून विसरता येत नाही. "कमी डोस म्हंजे गरिबाचा डोस ना? मोठ्याईले पुरा, आन् आपल्याले चिमूटभर?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं होतं. पण हा प्रश्न मी वेगळ्या कपड्यांत रोज पाहतो. खताची शिफारशीत मात्रा पूर्ण, पाऊण आणि अर्धी, असे प्लॉट विद्यापीठ शेजारी शेजारी टाकतं. कोणत्या वाफ्याला कोणती मात्रा, ते चिठ्ठी टाकूनच ठरतं, नाहीतर नाल्याकाठची भारी जमीन नेमकी आपल्या आवडत्या मात्रेच्या वाट्याला जाते. अर्ध्या मात्रेत तेवढंच पीक आलं तर ती मात्रा गरिबाची ठरत नाही, वरची अर्धी वाया जात होती असं ठरतं. निव्होलुमॅबच्या बाबतीत असा संशय घ्यायला कारण आहे. सुरुवातीच्या तपासण्यांतच दिसलं होतं की फार थोड्या डोसमध्येसुद्धा पेशींवरच्या बहुतेक पीडी-१ जागा औषधानं व्यापल्या जातात, आणि डोस कैक पटींनी वाढवला तरी त्यात विशेष भर पडत नाही.

भावाकडे वाचायला वेळ नव्हता म्हणून मीच आधीचा पुरावा शोधला. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या डॉक्टरांनी परत आलेल्या हॉजकिनमध्ये ४० मिलिग्रॅम देऊन पाहिलं होतं, बऱ्याच जणांना गुण आला. पण शेजारी पूर्ण डोसचा गट नव्हता. आपल्या टाटा मेमोरियलनं डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं, १५१ पेशंटांची ट्रायल. वर्षानंतर हयात असलेले १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. आकडा ऐकून छाती फुगते, पण ती तुलना थोडं निव्होलुमॅब आणि निव्होलुमॅबच नाही, यांच्यात होती. थोडं आणि पूर्ण, यांच्यात नव्हे. म्हणजे मायच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या वाचनात कुठंच मिळालं नाही, आणि ट्रायल त्याच्यासाठीच होती. ही ट्रायल इथंच का होते, हेही उघड आहे. पूर्ण डोसचा खर्च महिन्याला लाखांच्या घरात जातो आणि आपल्या योजनांत तो बसवणं अवघड. ज्याला औषध विकायचं आहे, तो कशाला तपासेल की सहाव्या हिश्श्यात भागतं का?

डॉक्टरांना मी एकच टोकदार प्रश्न विचारला: "कमी डोस किती कमी पडला तरी चालेल असं तुम्ही धरलंय?" अशा ट्रायलमध्ये 'नवा डोस जुन्यापेक्षा फार वाईट नाही' एवढंच दाखवायचं असतं, आणि 'फार' म्हणजे किती, ते आधीच लिहून ठेवलेलं असतं. त्यांनी प्रोटोकॉल उघडून आकडा दाखवला. शिवाय एखाद्या गटात आजार जास्त वाढताना दिसला तर बाहेरची समिती मध्येच ट्रायल थांबवू शकते, तेही दाखवलं. कागदावरचा सीटीआरआय, म्हणजे ट्रायलींच्या नोंदवहीतला, नंबर घेऊन मी घरी वेबसाइटवर टाकला, ट्रायल निघाली. ही सरकारी नोंदवही २००७ पासून आहे आणि जून २००९ पासून तिथं नोंदणी सक्तीची झाली. कोणालाही पाहता येते, फुकट. नंबर नसेल तर तो मागा.

संमतीचा फॉर्म चांगला जाडजूड होता, मराठीत. मराठी कसली, पुण्याच्या कोणीतरी इंग्रजी समोर ठेवून लिहिलेली. ट्रायलच्या कोऑर्डिनेटर मॅडम समजावून सांगत होत्या, मी माना डोलावत होतो. भावानं मध्येच फॉर्म माझ्या हातून घेतला. "दादा, सही मले करायची हाये ना? मंग मले वाचू दे." मॅडम म्हणाल्या, घरी न्या, घाई नाही. त्यानं तो धुऱ्यावर बसून वाचला, पेननं खुणा केल्या. त्याच्या खुणा माझ्यापेक्षा कामाच्या होत्या. औषधानं इजा झाली तर उपचार कोण करणार? फुकट करणार, नुकसानभरपाईची तरतूदही होती आणि वारसाचं नाव लिहायचं होतं. मध्येच सोडलं तर? सोडता येतं, नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. यायचा खर्च? मिळतो, बिलं जपा. मूल? औषध चालू असताना आणि त्यानंतरही काही महिने नको. लग्न ठरायचं होतं, त्यामुळे हे वाक्य त्यानं दोनदा अधोरेखित केलं होतं.

सही झाली म्हणजे आत गेलो असं नाही. खरा घाम स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे पेशंट ट्रायलमध्ये बसतो का या तपासणीत, निघाला. त्यांना मूळ गाठीचे ब्लॉक हवे होते. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, नखाएवढा. लॅबवाले पत्राशिवाय देत नव्हते. मिळाले तेव्हा मे महिना, बाहेर ४५ अंश. लॅबमधल्या माणसानं बजावलं, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मी ते पाण्याच्या बाटलीशेजारी शबनममध्ये, मांडीवर धरून धामणगाव स्टेशनपर्यंत नेले. बाकी प्रवासाचं एक सांगतो: कॅन्सरच्या पेशंटला उपचारासाठी रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्याला पाव पैसे लागतात. दवाखान्यातून फॉर्म भरून घ्यावा लागतो. मुक्कामाला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. तिथं वऱ्हाडी ऐकू आली की मायला बरं वाटायचं.

ब्लॉक पोचले तर रक्ताच्या तपासणीवर अडलं. आधल्या आठवड्यात तापासाठी गावाजवळच्या एका डॉक्टरकडे त्यानं इंजेक्शन घेतलं होतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर इंजेक्शनचं नाव नव्हतं. मॅडमनी फोन लावायला सांगितला, तिकडून कळलं: डेक्सा. म्हणजे स्टिरॉइड. इम्युनोथेरपी शरीराच्या फौजेला उठवते, स्टिरॉइड तिला झोपवतं. शिवाय लिम्फोमाची गाठ स्टिरॉइडनं तात्पुरती बसते, मग सुरुवातीचं मोजमापच खोटं ठरतं. दोन आठवडे थांबा म्हणाले. आपल्याकडे ताप, खोकला, खाज, थकवा, कशावरही ही सुई टोचतात आणि पेशंट दुसऱ्या दिवशी टुणटुणीत होतो, म्हणून डॉक्टरचं नाव होतं. ट्रायलचं कार्ड मिळाल्यावर मी त्याची झेरॉक्स गावातल्या प्रत्येक दवाखान्यात आणि मेडिकलवर नेऊन दिली. खोकला, दम, जुलाब यांपैकी काही झालं तर आधी मुंबईला फोन, मग सुई. या औषधानं उठलेली फौज कधी फुप्फुसावर, कधी आतड्यावर उलटते. तेव्हा स्टिरॉइडच द्यावं लागतं, पण ते कधी आणि किती, ते त्यांनी ठरवायचं.

चिठ्ठी निघाली: ४०.

माय गप्प बसली. भाऊ म्हणाला, "पाहू." नर्सनं बाटली दाखवली, चार मिलीची, अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, आत जवळजवळ पाण्यासारखं औषध. सलाइनमध्ये मिसळून फिल्टरच्या नळीतून अर्ध्या तासात संपलं. शेजारच्या खाटेवर जालन्याकडचे एक काका पूर्ण डोसच्या गटात होते. त्यांच्या ट्रेमध्ये तीन बाटल्या. भाऊ त्या ट्रेकडे पाहत राहिला आणि मी त्याच्याकडे.

पहिल्या पेट स्कॅननं घाबरवलं. मानेतल्या, छातीतल्या गाठी बसल्या होत्या, काखेतली एक वाढली होती. किमोच्या हिशेबानं हा आजार वाढल्याचा पुरावा. इथं तसं लगेच म्हणत नाहीत, कारण फौज गाठीत शिरली तरी ती फुगते. २०१६ पासून अशा स्कॅनसाठी 'अनिश्चित' असा वेगळा खाना आहे. काही आठवडे औषध चालू ठेवून परत पाहायचं. तो काळ कसा काढला ते लिहीत नाही. नंतरच्या स्कॅनमध्ये डोव्हिल स्कोअर २ आला, म्हणजे आजार दिसत नाही. मध्ये थायरॉइड बिघडलं, आता सकाळी उपाशीपोटी गोळी असते. ताप नाही. वजन भरलं.

जालन्याच्या काकांच्याही गाठी बसल्या. यावरून कोणता डोस बरा हे कळत नाही. एका प्लॉटवरून शिफारस निघत नसते, आणि ट्रायलचा निकाल लागायला वेळ आहे. सध्या आमच्यापुढे प्रश्न आहे तो ट्रान्सप्लांटचा: गाठी बसल्यात तोवर करून घ्यायचं, की औषधावरच राहायचं. दोन डॉक्टरांची दोन मतं आहेत. ट्रायलमधलं औषध ठरलेल्या मुदतीपर्यंतच मिळतं. त्यानंतर गाठी परत आल्या तर पुढं काय, हे फॉर्मवर स्पष्ट नव्हतं. भावानं ते लेखी विचारलं, आणि एथिक्स कमिटीकडून, म्हणजे पेशंटांच्या हितासाठी ट्रायलवर लक्ष ठेवणाऱ्या समितीकडून, लेखी उत्तर येईपर्यंत पिच्छा सोडला नाही.

तर ज्यांना फोन करायचा आहे त्यांनी आधी फॉर्मचे फोटो काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवा, सगळी पानं, शेवटचं सहीचंसुद्धा. पेशंट स्वतः फोनवर असू द्या. आणि शक्यतो रविवारी करा, बाकी दिवस सध्या पंचनाम्यांत जातात.