झोपेतले ठोके

गेल्या भाऊबीजेला भावाने पावलं मोजणारं घड्याळ दिलं. तेव्हा माझं वजन आपोआप सहा किलो उतरलं होतं आणि पतसंस्थेत सगळ्या विचारत होत्या, "काय डाएट करतेस गं?" सासूबाई म्हणायच्या, दृष्ट लागली. नोटा मोजताना बोटं थरथरायची, डिसेंबरातही पंखा लागायचा. हे सगळं मी वयावर ढकललं होतं.

घड्याळ हृदयाचे ठोकेही मोजायचं. मग एकदा भावाच्या घड्याळात झोपेतला आकडा पाहिला. त्याचे ठोके मिनिटाला ५८, माझे ९४.

रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, ०.०१ पेक्षाही कमी; थायरॉइड अति काम करत असली की ते असं घसरतं. निदान ग्रेव्हज्. शरीरातल्या अँटिबॉडीच थायरॉइडला टोचत राहतात आणि ती ग्रंथी बिचारी अखंड हॉर्मोन ओतत बसते. कार्बिमाझोल सुरू झालं, सोबत प्रोप्रॅनोलॉल.

चौथ्या दिवशी ठोके ७६! मी पेढे आणायच्या बेतात होते. डॉक्टर म्हणाले, "ही प्रोप्रॅनोलॉलची करामत. त्याने धडधड दबते, आजार नाही." कार्बिमाझोल फक्त नवीन हॉर्मोन बनू देत नाही, ग्रंथीत आधीच साठलेला माल संपायला काही आठवडे लागतात. पुढे प्रोप्रॅनोलॉल थांबवलं तेव्हा आकडा परत ८२ वर गेला आणि मी रात्रभर जागी. जागरणाने तो आणखी चढला, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हापासून दिवसाचे आकडे बघणंच सोडलं. जिना, चहा, साहेबांचा फोन, सगळं त्यात मिसळतं. वहीत फक्त झोपेतला आकडा लिहिते आणि तोही आठवड्याची सरासरी काढून. घड्याळ हिरवा उजेड कातडीत सोडून रक्ताची भरती-ओहोटी मोजतं. पट्टा सैल असला की काहीही सांगतं. डाव्या हातात बांगड्यांनी ते सरकायचं, म्हणून आता रात्री उजव्या हातात घालते.

ऑगस्टमध्ये कार्बिमाझोल १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणलं होतं. दोन आठवड्यांत सरासरी ६६ वरून ७५. ताप नाही, जागरण नाही. तपासणीला अजून तीन आठवडे होते, पण डॉक्टरांना वही दाखवली आणि रक्त लगेच दिलं. फ्री टी४, म्हणजे थायरॉइडचं हॉर्मोन, वाढलेलं निघालं, डोस परत १० वर. नुसत्या घड्याळाकडे बघून गोळी मी स्वतःहून एकदाही वाढवली नाही. तेवढी अक्कल शाबूत आहे.

सप्टेंबरात आकडा एका रात्रीत ८८. घसा दुखत होता, अंगात ताप. हे औषध घेताना असं झालं तर गोळी थांबवून त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करायची, असं डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, कारण क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घसरतात. पेशी ठीक होत्या, साधा व्हायरल निघाला. पण तो रिपोर्ट येईपर्यंतची दुपार कोणत्याच घड्याळात मोजता येणार नाही.

आता सासूबाईंनाही नाद लागलाय. सकाळी गुळाचा भाव विचारावा तसं विचारतात, "आज किती?"

"६७."

"मग ठेव चहा."