तुषारचा रेनकोट

१७ सप्टेंबरला आमच्याकडं सुट्टी असते. सकाळी झेंडावंदन, मग मराठवाडा मुक्तिसंग्रामावरची भाषणं, आणि दहाच्या आत सगळं कॉलेज रिकामं. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं ते याच दिवशी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. माझ्यासारख्या तासिका तत्त्वावर नाटक शिकवणाऱ्या माणसाला ही सुट्टी आणखी एका कारणानं प्यारी आहे. हॉल दिवसभर मोकळा मिळतो, आणि पंख्याच्या बिलावरून कुणी कुरकुरत नाही.

युवक महोत्सव तोंडावर आलेला. एकांकिका अर्धीकच्ची. त्यात दोन पोरं उडदाच्या काढणीला गावाकडं पळालेली. म्हणून ठरवलं, आज नुसती तालीम घ्यायची नाही, पात्रं पक्की करायची.

एकांकिका मीच लिहिलेली. सायली जिंतूरची, संभाजीनगरात औरंगपुऱ्यात रूम करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी. तुषार अंबाजोगाईचा, वाळूजच्या एका कंपनीत ट्रेनी, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. क्रांती चौकात चहा पिताना दोघं ठरवतात की आपण सिरियस नाही. कुणी कुणाला बांधलेलं नाही, कुठं होतास म्हणून विचारायचं नाही. पोरं याला सिच्युएशनशिप म्हणतात. आमच्या वेळी हे नव्हतं असं मी म्हणणार नाही, फक्त नाव नव्हतं. आणि नाव नसलं की भांडायलाही जागा नसते, हे मला चांगलं ठाऊक आहे. असो. तर पावसात म्हैसमाळला जाताना तुषार सायलीला कंपनीतून मिळालेला नारंगी रेनकोट देतो. पुढं एक दिवस त्याच्या स्टेटसला म्हैसमाळचाच फोटो लागतो, आणि तोच रेनकोट मधुरा नावाच्या मुलीच्या अंगावर असतो. शेवटी सायली त्याला जाब विचारते, रडते, निघून जाते. पडदा.

काम करणाऱ्या पोरांची नावं घेत नाही, पात्रांच्याच नावानं बोलतो.

मधोमध खुर्ची ठेवली. नट पात्र होऊन तिच्यात बसतो, बाकीचे प्रश्न विचारतात. उत्तर ‘मी’ म्हणूनच द्यायचं आणि संहितेत जे आहे ते मोडायचं नाही. याला हॉट सीट म्हणतात. आमची पोरं ‘साक्ष’ म्हणतात.

पहिल्यांदा तुषार बसला. बसायच्या आधीच आरोपी झालेला.

“तू तिला फसवलंस का?”

“नाही. ठरलं होतं.”

“काय ठरलं होतं?”

“काही ठरवायचं नाही, असं.”

हॉल हसला. मग मागून एक पोरगी उठली. “मधुराचं लपवलंस कामून?”

“लपवलं नाही. तिनं विचारलं असतं तर सांगितलं असतं.”

“अरे पण विचारायचं नाही, हेच तर ठरलं होतं ना!”

याच्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं. दोन-चार प्रश्न आणखी झाले आणि तो पात्रातून बाहेरच आला. “सर, हे काम दुसऱ्याला द्या. माझी बहीण नाटक बघायला यायलीय.”

प्रकाशयोजना करणारा आमचा पोरगा लॉचा. तो वायरला टेप गुंडाळत होता, तिथूनच म्हणाला, “कायद्यात हे बसतच नाही. लग्नाचं खोटं वचन देऊन संबंध ठेवले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ६९, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. इथं वचनच नाही. घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणाल, तर २०१० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, नुसते शनिवार-रविवार सोबत घालवले म्हणून ते नातं लग्नासारखं होत नाही.”

“म्हणजे तो सुटला?” एकीनं विचारलं.

“सुटायला आधी अडकावं तर लागतं,” तो म्हणाला आणि परत टेप गुंडाळू लागला.

मला तेव्हा वाटलं, साक्ष इथंच संपवावी. जेवायची वेळ झाली होती, डबे उघडायचा वास यायला लागला होता. पण सायली स्वतःहून खुर्चीत येऊन बसली. तिचं काम करणारी ही मुलगी किनवटकडची. कमी बोलते, पण बोलली की समोरच्याला जरा सावरून बसावं लागतं.

“तू शेवटी रडतेस कामून?”

“सरांनी कंसात ‘हुंदका’ लिहिलंय म्हणून.”

“पात्र म्हणून बोल,” मी म्हणालो.

ती थांबली. “पात्र म्हणून मला रडूच येईना, सर. तो दुसरीसोबत गेला याचं मला काय वाटलं ते मला कळत नाही. पण त्या रेनकोटाचं वाटलं. म्हैसमाळहून आल्यावर तो चिखलानं भरलेला होता. मी धुतला. गॅलरीत जागा नव्हती म्हणून रात्रभर पंख्याखाली वाळवला आणि घडी घालून परत दिला. ती घडी त्यानं तिच्यासाठी मोडली.”

यातलं एक अक्षर मी लिहिलेलं नव्हतं. धुणं नाही, पंखा नाही, घडी नाही. हॉलमध्ये कुणी कुणाकडं बघेना. सगळी हळहळ सायलीकडं गेली आणि तुषारचं काम करणारा पोरगा उगाचच बुटाची नाडी बांधू लागला.

तेवढ्यात मधुरा म्हणाली, “पान सहा.”

मधुरा म्हणजे चार वाक्यांचं काम. तालमीत बहुतेक वेळ ती कोपऱ्यात बसून इतरांची पाठांतरं ऐकते, त्यामुळं सगळी संहिता तिलाच तोंडपाठ.

“पान सहावर सायली मैत्रिणीला फोनवर सांगते, अभ्यासिकेतल्या त्या पोरासोबत खुलताबादला गेले होते, त्यानं पेट्रोलचे पैसे माझ्याकडूनच घेतले. त्याचं काय?”

कागदांची सळसळ झाली. पान सहावर ते होतं. प्रेक्षक हसावेत म्हणून मी टाकलेली एक ओळ. लिहून विसरलो होतो. तालमीत पंधरा वेळा ऐकली, पंधरा वेळा हसलो, आणि तुषार जे करतो तेच सायलीनं आधी केलेलं आहे, हे मला एकदाही दिसलं नाही. तिचं ते गंमत म्हणून लिहिलं आणि त्याचं विश्वासघात म्हणून. खरं सांगायचं तर त्यामागं साधा हिशोब होता. परीक्षकांना रडणारी नायिका आवडते, आणि अभिनयाचं बक्षीस हुंदक्याला मिळतं असा माझा वर्षानुवर्षांचा समज आहे.

सायली खुर्चीतच होती. तिनं पान परत परत वाचलं. “हो, मी गेले होते,” ती म्हणाली. “आणि तुषारला सांगितलंही नाही. त्यानं विचारलं असतं तर चिडलेही असते.” जरा वेळानं, “तरीपण मला वाईट वाटलंच.”

“मग चूक कुणाची?” कुणीतरी विचारलं. एव्हाना डबे तसेच उघडे राहिले होते आणि भाकरी वाळत होती. कोण म्हणे दोघांची, कोण म्हणे कुणाचीच नाही. एक जण म्हणाला, मधुराची. ती मध्ये आली नसती तर चाललं असतं की सगळं.

हे ऐकून मधुरा उठली, सायलीला हातानंच ऊठ म्हणाली आणि खुर्चीत बसली. रेनकोट नाटकाच्या सामानाच्या पेटीतून काढून मांडीवर घेतला.

“विचारा.”

“तू त्यांच्यामध्ये कामून आलीस?”

“कुणाच्यामध्ये?”

“तुषार आणि सायलीच्या.”

“सायली कोण?”

पोरं हसली. ती हसली नाही. “सर, बघा ना. माझ्या चार वाक्यांत सायली कुठंय? मला अख्ख्या नाटकात कुणी सांगतच नाही. समोर बसलेल्या लोकांना माहिती, तुषारला माहिती, चहावाल्याला माहिती. मी आपली पावसात गेले, त्यानं रेनकोट दिला, मी घातला. नीट घडी घातलेला होता. मला वाटलं, पोरगा टापटीप आहे.”

हे वाक्य तिनं इतकं सरळ म्हटलं की सायलीचं काम करणारी तोंडावर ओढणी धरून बसली. हसत होती की काय, मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यानंतर पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. मीच म्हणालो, जेवून घ्या.

दुपारनंतर जोराचा पाऊस आला. पत्र्यावर इतका आवाज की संवाद ऐकू येईनात. मग नुसत्या हालचाली बसवल्या. जाब विचारायच्या प्रसंगात सायली आणि तुषार एकमेकांपासून दहा फुटांवर उभे राहायचे, तसं मी आखून दिलेलं होतं. आज दोघं आपोआप जवळ आले आणि शेजारीशेजारी बसले, बसस्टँडवर बसतात तसे. मी मोडलं नाही.

रात्री घरी संहिता काढली. ‘हुंदका’ खोडला. पान सहावरची ओळ ठेवली, फक्त ती शेवटच्या प्रसंगात पुन्हा एकदा येईल असं केलं, यावेळी तुषारच्या तोंडी. मधुराची चार वाक्यं सात झाली. सातवं अजून जमत नाही. घडीचं ते वाक्य जसंच्या तसं घेतलं, लेखक म्हणून नाव माझंच लागणार असलं तरी.

सव्वाअकराला तुषारचा मेसेज आला. काम सोडतो म्हणणारा तोच. “सर, एक राहिलं. तुषारनं मधुराला रेनकोट देताना त्याला ती घडी दिसली असेल का?”

दोनदा उत्तर लिहिलं, दोनदा पुसलं. मग लिहिलं, “उद्या खुर्चीत बसून तूच सांग. चारला ये. आणि जिंतूरच्या एसटीचा आवाज रेकॉर्ड करायचा राहिलाय, तेवढं बघ.”