तुम्ही विचारलंत म्हणून: चालतोय ना, मग चूक कुठे?

“सी भाषेत लोकल व्हेरिएबलचा (फंक्शनपुरत्याच जगणाऱ्या चलाचा) पत्ता फंक्शनमधून परत केला, उत्तर बरोबर आलं. मग चूक कुठे?” हे इतक्या वेळा विचारलं जातं की एकदाचं लिहूनच टाकतो. प्रोग्रामच्या मेमरीचं चित्र (टेक्स्टमध्ये कोड, डेटामध्ये सुरुवातीचं मूल्य दिलेले ग्लोबल, बीएसएसमध्ये शून्याने सुरू होणारे, हीपमध्ये मागून घेतलेली जागा, स्टॅकवर चालू फंक्शनांचे लोकल) तुम्हाला पाठ आहे, ते पुन्हा काढत नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. फंक्शनमध्ये एक इंट (पूर्णांक), त्यात ४२. त्याचा पत्ता आधी एका पॉइंटरमध्ये (पत्ता साठवणाऱ्या चलात) ठेवलात आणि तो पॉइंटर परत केलात. (थेट पत्ता परत केला असता तर जीसीसी या कंपायलरने इशारा दिला असता आणि हल्ली शून्य पत्ताच हातावर ठेवला असता. आडवाटेने जाऊन तुम्ही त्याला गुंगारा दिलात.) ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करणारे कंपायलरचे बदल) बंद आहे. मेनमध्ये प्रिंटएफने छापलं: ४२. फंक्शन संपलं तेव्हा फक्त स्टॅकचं टोक दाखवणारा स्टॅक पॉइंटर सरकला, बाइट कुणी पुसले नाहीत. तास संपला, फळा तसाच राहिला. शिवाय प्रिंटएफ सुरू होण्याआधीच ४२ वाचून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये गेलं होतं. आता तीच ओळ खाली पुन्हा लिहा. पहिल्या प्रिंटएफने त्याच जागेवर आपली फ्रेम (स्टॅकवरची कामाची जागा) पसरलेली असते, त्यामुळे दुसऱ्यांदा बहुधा कचरा छापला जातो. इंटऐवजी कॅरेक्टर ॲरे असेल तर पहिल्या फटक्यातच घोळ होऊ शकतो, कारण प्रिंटएफकडे मूल्य नाही, पत्ता जातो. तो अक्षरं वाचायला लागेपर्यंत ती जागा त्याच्याच कामात गेलेली असते.

हे “बहुधा” तुम्हाला खटकतं, ठाऊक आहे. पण ऑप्टिमायझेशनचा ओ-टू पर्याय लावलात की वरचं सगळं भाकीत रद्द. खात्री हवी तर मेमरीच्या चुका पकडणारा ॲड्रेस सॅनिटायझर लावा. जीसीसी १३ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये मात्र फंक्शन संपल्यावरच्या वापराची तपासणी वेगळी सुरू करावी लागते; लिनक्सवर तेराव्यापासून ती आपोआप सुरू असते.

उपाय तीन. फंक्शन बोलावणाऱ्यानेच बफर (उत्तर ठेवायची जागा) आणि त्याची लांबी द्यावी. मला हाच आवडतो. नाहीतर मॅलॉकने हीपवर जागा मागा: अक्षरांची लांबी अधिक शेवटच्या शून्यासाठी एक बाइट, आणि ती जागा फ्री (परत) कोण करणार ते कॉमेंटमध्ये लिहा. तिसरा: व्हेरिएबल स्टॅटिक करा. तो डेटा किंवा बीएसएसमध्ये जातो, प्रोग्राम संपेपर्यंत टिकतो, पण प्रत एकच. दुसरा कॉल पहिल्याचं उत्तर खातो, आणि थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं) आले की विचारूच नका.

“मग आधी चित्रच का शिकवता?” रास्त प्रश्न. सीचं मानक स्टॅक-हीप मांडतच नाही, ते फक्त वस्तू (व्हेरिएबल) किती काळ जिवंत आहे याचा नियम सांगतं. पूर्वी मी म्हणायचो, चित्र आधी, नियम नंतर. आता उलट वाटतं. पण मग ३० लाख इंटांचा लोकल ॲरे वापरताच लिनक्सवर प्रोग्राम का कोसळतो, ते नियमातून कसं सांगू? एका इंटचे ४ बाइट धरले तर ते १२० लाख बाइट होतात, आणि तिथे स्टॅकची नेहमीची मर्यादा ८ एमबी. तोच ॲरे ग्लोबल करा: बीएसएसमध्ये जातो, निमूट चालतो, फाइलचा आकारही जवळजवळ तेवढाच राहतो. पहिल्या घरात १ लिहा, तो डेटामध्ये जातो आणि फाइल १२० लाख बाइटांनी फुगते. या भागांचे आकार दाखवणारी साइझ कमांड देऊन पाहा. यातलं एकही मानकात नाही.