आमची वाटचाल : चिकटवलेल्या जोडांचं गणित

घाटकोपरच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा आहे. खाली प्रिंटिंग प्रेस, शेजारी प्लास्टिक मोल्डिंगवाले. विमानाच्या कंपोझिट (फायबर आणि रेझिनच्या) भागांचे चिकटवलेले जोड किती भार घेतील, कुठून फाटायला लागतील आणि फाटत कुठवर जातील, हे आम्ही कॉम्प्युटरवर काढून देतो. माझ्या मावशीच्या मते आम्ही डिंक विकतो.

२०१२ साली मी आणि माझा भागीदार नोकऱ्या सोडून बसलो, ते मेशिंगच्या कामाच्या भरवशावर. परदेशी ग्राहक भागाचं मॉडेल पाठवायचे, आम्ही गणितासाठी त्याचे बारीक तुकडे, म्हणजे एलिमेंट, पाडून ती जाळी (मेश) परत द्यायचो, पैसे तासावर. पोट भरत होतं, पण दर वर्षागणिक उतरत होता. त्या काळाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

जोडांकडे वळलो ते एका ग्राहकामुळे. कार्बन फायबरच्या पॅनेलवर चिकटवलेल्या स्टिफनरचं (पॅनेल वाकू नये म्हणून लावलेल्या पट्टीचं) गणित त्यांना हवं होतं. अशा जोडाच्या टोकाशी ताण काढायला गेलं, की मेश जितकी बारीक करावी तितका आकडा चढतच जातो. त्या कोपऱ्यात थिअरीप्रमाणे ताण अनंतच असतो. मग ताण सोडून ऊर्जा धरावी लागते : तडा पुढे सरकायला किती ऊर्जा खर्च होते? डगडेल (१९६०) आणि बॅरेनब्लाट (१९६२) या संशोधकांच्या कल्पनेतून आलेली कोहेझिव्ह झोनची पद्धत हेच करते. चिकटाच्या थरात असे एलिमेंट घालायचे, जे आधी भार घेतात, मर्यादेपुढे हळूहळू सैल पडतात आणि ठरलेली ऊर्जा संपली की सुटतात. उघडणाऱ्या तड्याची ऊर्जा वेगळी, सरकणाऱ्याची वेगळी. स्टिफनरच्या कडेला दोन्ही एकदमच येतात, तिथे दोन्हींचा मेळ घालणारं बेन्झेगाग-केनान यांचं १९९६चं सूत्र कामी येतं.

पण ही ऊर्जा आणायची कुठून? ‘डेटाशीटमधला आकडा टाका ना’, हे आम्ही अजूनही ऐकतो. चिकट बनवणाऱ्याच्या डेटाशीटमध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर घेतलेली लॅप शिअरची ताकद असते, म्हणजे एकमेकींवर चढवून चिकटवलेल्या पट्ट्या ओढल्यावर जोड किती भार घेतो ते. ती ग्राहकाच्या लॅमिनेटला (फायबरच्या थरांच्या पत्र्याला), त्याच्या कारखान्यातल्या घासकामाला आणि साफसफाईला लागू होईलच असं नाही. म्हणून कर्ज काढून सेकंडहँड टेस्टिंग मशीन घेतलं. भागीदाराचा विरोध होता. त्याच्या हिशेबाने त्या पैशात सॉफ्टवेअरचं आणखी एक लायसन्स आलं असतं.

आज गाळ्यात सगळ्यात जास्त वेळ जातो तो याच मशीनपाशी. दोन पट्ट्या चिकटवायच्या, एका टोकाला १३ मायक्रॉनहून जाड नसलेली टेफ्लॉनची फिल्म ठेवून सुरुवातीची फट सोडायची. कडेला व्हाइटनरचा पातळ हात मारायचा, त्यावर मिलिमीटरच्या खुणा. मशीन हळूहळू दोन्ही पट्ट्या ओढून उघडतं आणि पांढऱ्या कडेवर केसासारखी काळी रेघ पुढे सरकते. कधी सावकाश, कधी एकदम उडी मारून. तुटल्यावर पृष्ठभाग पाहायचे. दोन्हीकडे चिकट राहिला असेल तर ठीक. एक बाजू चकचकीत, कोरी निघाली की समजायचं, चिकट धरलाच नव्हता. वर फायबर उपटून आले असतील तर लॅमिनेटनेच आधी मान टाकली. मॉडेलने यातला कुठला प्रकार दाखवायला हवा, ते तिथे ठरतं.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा वेगळाच त्रास. फिल्म ॲडहेसिव्ह, म्हणजे पातळ पापुद्र्यासारखा चिकट, फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांना ठेवलेला असतो. बाहेर काढल्यावर तो पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा, नाहीतर त्यावर दव धरतं. नवा मुलगा आला की त्याला आधी हेच शिकवतो, मेशिंग नंतर.

पृष्ठभागावर रिलीज एजंटचा (भाग साच्याला चिकटू नये म्हणून लावतात त्याचा) अंश राहिला, तर जोड अल्ट्रासाउंडमध्ये व्यवस्थित दिसतो आणि ताकद मात्र नसते. याला किसिंग बाँड म्हणतात. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाचं २००९चं ‘एसी २०-१०७बी’ हे मार्गदर्शन वाचलं, तर तिथेही चिकटावर डोळे झाकून विश्वास नाही : जोड सुटला तरी तो पुढे पसरू न देणारी रचना करा, नाहीतर प्रत्येक भागाची भार देऊन चाचणी घ्या, नाहीतर ताकद खात्रीने सांगणारी तपासणी दाखवा. तिसरा पर्याय अजून कुणाच्या हाती लागलेला नाही. १९८८ साली अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं छत हवेत उडालं, त्यात धातूच्या पत्र्यांचे चिकटवलेले जोड आधी सुटले होते. भार रिव्हेटवर (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांवर) आला आणि त्यांच्या भोकांशी तडे गेले. भीतीपोटी जोडात घातलेल्या रिव्हेटला इंजिनियर लोक ‘चिकन रिव्हेट’ म्हणून हसतात. मी हसत नाही. तडा तिथे अडतो का, हे पाहण्याची कामं आम्हाला त्यातूनच मिळतात.

त्यामुळे ग्राहकाने स्वतःच्या कारखान्यात बनवलेले नमुने दिल्याशिवाय आम्ही ताकदीचा आकडा देत नाही. काही जण यावरून निघून गेले. जे राहिले, त्यातल्या एकाने बिल अडकवलं. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा कायदा २००६चा आहे, पण तो मोठ्या ग्राहकाला ऐकवायचा म्हणजे पुढचं काम घालवणं. शिकवलेली मुलं पुण्या-बंगळुरूला जातात, ते वेगळंच.

सध्या स्कार्फ रिपेअरचं काम हातात आहे : खराब भाग तिरका घासून त्यावर पॅच चिकटवायचा, आणि तो दमट, गरम हवेत किती टिकेल ते काढायचं. त्यासाठी ह्युमिडिटी चेंबर, म्हणजे ठरावीक दमटपणा आणि उष्णता राखणारी पेटी, लागेल. शेजारचे मोल्डिंगवाले भिवंडीला निघालेत, त्यांच्या गाळ्याच्या डिपॉझिटचं बोलणं चालू आहे.