डबीत बेडका की लाळ?

निपाणीजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. क्षयाच्या तपासणीची डबी उघडली की आधी बघते, आत बेडका आहे की नुसती लाळ. बरेच महिने बायकांच्या डब्यांत लाळच असायची, पाण्यासारखी, फेसाळ. अहवाल निगेटिव्ह जायचा आणि खोकला घरातच राहायचा.

यंत्राचा दोष नव्हता. ट्रूनॅट गोव्यात बनतं, बॅटरीवर चालतं, तासाभरात जंतू सांगतं. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. पण डबीत छातीतलं काही आलंच नाही तर ते तरी काय सांगणार?

विड्या वळणाऱ्या एका आक्कांना शेवटी विचारलंच. “डबीत थुंकून द्या म्हणाले, थुंकले की,” त्या म्हणाल्या. डबीसोबतचा कागद कन्नडमध्ये, आणि आक्कांना मराठीही वाचता येत नाही. पहाटेचा नमुना हवा, तर पहाटे खाकरायचं कुठं? एका खोलीत सासरे, दीर, पोरं. सून खोकताना ऐकू आली की चार घरांत चर्चा.

सिद्ध झालेली तपासणी माणसापर्यंत पोचताना नेमकी कुठं अडते ते शोधायचं, तिथं बदल करून बघायचा आणि मोजायचं, याला अंमलबजावणीचं शास्त्र म्हणतात. रावळपिंडीतला २००७ चा अभ्यास मी सगळ्यांना सांगत असते. बेडका कसा काढायचा हे समजावून सांगितलेल्या बायकांपैकी १३ टक्क्यांच्या नमुन्यात जंतू सापडले, न सांगितलेल्यांत ८ टक्क्यांच्या. यंत्र तेच, फरक फक्त सांगण्याचा!

आम्ही एका गावापासून सुरुवात केली. आशाताई आता मराठीत, स्वतः करून दाखवतात: चूळ भरा, खोल श्वास घ्या, पोटातून जोर लावून खाकरा. जागा अंगणवाडीच्या मागची, उघड्यावरची. वेळ बायका विड्या द्यायला निघतात त्याच्या आधीची. डब्यांतली लाळ कमी होत गेली.

दुसऱ्या गावात तीच पद्धत जशीच्या तशी नेली आणि फसलो. तिथं अंगणवाडीमागे पुरुषांचा कट्टा. एकही बाई खाकरायला तयार होईना. तेव्हा ठरवलं, सांगायचे शब्द बदलायचे नाहीत, जागा आणि वेळ मात्र त्या गावातल्या बायकांनीच ठरवायची.

बैठकीत अजूनही किती डब्या गोळा झाल्या एवढंच विचारतात. मी माझ्या रजिस्टरमध्ये हातानं एक रकाना आखलाय, ‘बेडका / लाळ’. पुढच्या महिन्यात आणखी चार गावं घ्यायची आहेत. त्याआधी चारही गावांत जाऊन बायकांना विचारून येणार आहे, खाकरायला कुठं बरं पडेल.