जेर्व्हे बोल्यूचा राग

रविवार, रात्र

आज परत ‘क्रेझी’ बघितला. ज्याँ-मार्क व्हालेचा 2005 चा सिनेमा. गोष्ट झॅकची, पाच भावांतल्या चौथ्याची. पण माझी नजर दर वेळी बापावरच खिळते. जेर्व्हे बोल्यू. घरात काही कार्य असलं की उभं राहून फ्रेंच गायक अझ्नावूरचं गाणं म्हणणारा, अमेरिकन गायिका पॅट्सी क्लाइनच्या रेकॉर्डला जिवापाड जपणारा, आणि मुलगा समलिंगी आहे हे वर्षानुवर्षं न पचलेला. हे काम मिशेल कोते या नटाचं.

कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतातल्या लोकांसाठी कोते मुळात हसवणारा. जन्म 1950 चा, आल्मा गावचा. नाट्यशिक्षण माँट्रियलच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयात. 1979 मध्ये मार्क मेसिये आणि मार्सेल गोतिये यांच्याबरोबर त्याने ‘ब्रू’ हे नाटक सुरू केलं. पुरुषांचाच म्हणून ओळखला जाणारा जुना दारूचा गुत्ता आणि तिथली गिऱ्हाइकं. सगळी पात्रं हे तिघेच करायचे. विंगेत जायचं, कपडे बदलायचे, दुसराच माणूस होऊन परत यायचं. हे 2017 पर्यंत चाललं. 3,300 हून जास्त प्रयोग, आणि नटसंच तोच! आपल्याकडेही जाहिरातीतला प्रयोगांचा आकडा बघून तिकीट काढणारे आहेत (मीही त्यातलाच). पण मला खरं कुतूहल त्या मधल्या कुठल्यातरी मंगळवारच्या प्रयोगाचं आहे. कालपर्यंत हमखास हशा घेणारं वाक्य आज पडलं, तर हे तिघे काय करत असतील?

मला वाटतं, जेर्व्हेचा राग तिथूनच आलाय. इतकी वर्षं रोज प्रेक्षकांचा कानोसा घेणाऱ्या नटाला कुठे थांबायचं ते कळतं. ‘क्रेझी’त बाप चिडतो, तेव्हा तो ओरडण्याआधी किंचित थांबतो. विनोदी नट हशाच्या आधी थांबतो ना, अगदी तसाच. फक्त इथे पुढे हशा नाही. जेर्व्हेला स्वतःला आपण हास्यास्पद वाटतोय याचा पत्ताच नसतो. नाताळात तो गायला उभा राहतो तेव्हा पोरं कंटाळलेली असतात, तो मात्र रंगलेला असतो. मी हसतो आणि लगेच अपराधी वाटतं.

बाकी कामं भराभर आठवतोय. 1989 चा ‘क्रूझिंग बार’: शनिवारच्या रात्री बारमध्ये बाई गटवायला निघालेले चार पुरुष, बैल, मोर, सिंह आणि गांडूळ अशा नावांचे, चारही तोच. कल्पना भारी, पण सिनेमा अधूनमधून मेकअपवरच भागवतो असं माझं मत. ‘ओमेर्ता’ मालिकेत पोलिस, तिथे विनोदाला थारा नाही. 2009 च्या ‘द पेर आँ फ्लिक’मध्ये पुन्हा पोलिस आणि पुन्हा बाप, पण हा धमाल विनोदी. पोलिस असलेल्याच मुलाबरोबर बापलेकांच्या शिबिरात वेषांतर करून गेलेला.

आज मात्र मनात घोळत राहिली ती ‘ला पतित व्ही’. नव्वदच्या दशकातली ही मालिका. 1995 मध्ये तिच्या एका भागाला चाळीस लाखांवर प्रेक्षक होते, आणि क्वेबेकची लोकसंख्या तेव्हा जेमतेम बहात्तर लाखांच्या घरात! त्यात कोते जाँ-लू नावाचं नाजूक, नखरेल समलिंगी पात्र करायचा. अर्धा प्रांत त्याला हसला. दहा वर्षांनी तोच चेहरा मुलाच्या समलिंगी असण्याने हादरलेल्या बापाचा. व्हालेने हे मुद्दाम केलं असेल का? नसेलही. पण तिथल्या थिएटरात बसलेल्या माणसाला जाँ-लू आठवल्याशिवाय राहिला असेल? मग तो झॅकच्या बापावर रागावताना थोडा स्वतःच्या जुन्या हसण्यावरही रागावला असेल.

कोते 29 मे 2023 रोजी गेला. ‘पिशे’ बघायचा राहिलाय माझा. इंधन संपलेलं विमान अटलांटिकवरून तरंगत अझोर्स बेटांवर उतरवणाऱ्या वैमानिकाची खरी गोष्ट. त्यात तरुणपणीचा पिशे झालाय कोतेचा मुलगा माक्सिम, नंतरचा कोते स्वतः. म्हणजे बापलेक, पण एकच माणूस. पुढच्या शनिवारी तोच लावतो.